मागचा बाक

राष्ट्रपती (२००२-०७) झालेले शास्त्रज्ञ डॉ. अब्दुल कलाम यांचा ‘स्वप्ने पाहा’ हा संदेश शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवला जातो. त्यांच्या ‘अग्निपंख’मधला रामेश्वरमचा बाक मात्र कोणी रंगवत नाही. पाचवीत असताना नव्या मास्तरांनी टोपीवाल्या अब्दुलला पुरोहिताच्या मुलाशेजारून उठवून मागे बसवले. मुलाचे वडील लक्ष्मणशास्त्री यांनी मास्तरांना बोलावून खडसावले, मास्तर वरमले. शास्त्री भला माणूस, वादच नाही. पण साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भिवा? त्याच्यासाठी कोण धावले? समता भल्या माणसाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून तर १९५० साली घटनेचे कलम १७ लागू झाले. कलामांचा सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्या गुरुजींनो, तुमच्या वर्गात मागच्या बाकावर कोणाची मुले बसतात, ते उद्या जरा बघाल काय?