आधी काडतूस, मग बंदूक

भारतात परवानाधारकाने कोणती बंदूक घ्यावी, याचे उत्तर निम्मे कायद्याने आणि निम्मे काडतुसांच्या पुरवठ्याने आधीच देऊन ठेवलेले असते. ९ मिमी आणि ०.३०३ ही लष्कर-पोलिसांची बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. उरतात त्यांतली प्रचलित मोजकीच: बारा बोअरची बंदूक, ०.३१५ची रायफल, ०.३२चे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल आणि सरावाची ०.२२. गेल्या शतकाच्या अखेरीपासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे आजोबांच्या वेळची विलायती वेब्ली अँड स्कॉट आजही मोठ्या किमतीला विकली जाते. पण तिच्या बोअरचे काडतूस दुकानात मिळत नसेल, तर एवढे पैसे मोजून घरात फक्त शोभेची वस्तू येते.

सरकारी शस्त्रांची बोअर लोकांच्या हाती पडू नयेत, हे धोरण इंग्रजी अमदानीतले. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने ०.४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना या बोअरचा दारूगोळा कामी येईल अशी धास्ती होती. मग इंग्रज कारागिरांनी वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी ०.४६५, ०.४७० अशी शेजारची बोअर पुढे आणली. ०.३१५ रायफलीमागेही हाच हिशेब दिसतो. तिची यंत्रणा ली-एनफील्ड वळणाची आहे, पण काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे, ८ × ५० मिमीचे. साम्राज्य गेले, बोअर मात्र राहिले.

देशी काडतुसांचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला. कानपूर आणि ईशापूरचे बंदुकांचे कारखाने दुसऱ्या कंपनीत गेले. पण काडतुसे देशात बनत असली, तरी परवान्यावर वर्षाला किती आणि एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील, तो आकडा लिहिलेला असतो. सरावाला पुरतील एवढी काडतुसे अनेकांना मिळत नाहीत. वर्षानुवर्षे न झाडलेले शस्त्र ऐन वेळी चालेल अशी आशा बाळगणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणावा लागेल.

दुकानात सर्वाधिक घोळ ०.३२ या आकड्याचा होतो. रिव्हॉल्वरचे काडतूस ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ जातीचे असते. त्याचे पितळी कवच सुमारे २३ मिमी लांब आणि बुडाशी चांगली कड असलेले. ‘अशनी’सारख्या पिस्तुलाला ‘एसीपी’ जातीचे काडतूस लागते. त्याचे कवच सुमारे १७ मिमीचे आणि कड अगदी जेमतेम. दोन्हींतल्या गोळीची जाडी जवळपास सारखीच, म्हणून पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्वरमधल्या काडतुसाच्या घरात शिरतेही. शिरले म्हणजे चालले असे नव्हे. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्वरची घडण तो सोसण्यासाठी केलेली नसते. पिस्तुलातही ती जेमतेम कड त्रास देते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि पिस्तूल अडते. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसापेक्षा किंचित पुढे सरकवून बसवले की हा प्रकार टळतो.

२०१४मध्ये कानपूरहून आलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्वरची महिलांसाठीचे हलके शस्त्र म्हणून बरीच जाहिरात झाली. वजन सुमारे ५०० ग्रॅम, काडतूस तेच ०.३२चे. वजन घटले की धक्का वाढतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

बारा बोअर म्हणजे ज्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ते नळीचे माप, साधारण १८.५ मिमी. पण नुसते बोअर जुळून भागत नाही. जुन्या विलायती दुनळ्यांचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीचे असते. पुढे पावणेतीन इंची काडतुसे रूढ झाली. काडतुसावरची लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या टरफलाची असते, त्यामुळे ७० मिमीचे काडतूस ६५ मिमीच्या घरात मुकाट बसते. चाप ओढला की टरफल पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये पडले, तर ते सरकून नळीत अडकते. बार झाला नाही म्हणून मागून बारा बोअरचे घातले, की नळी फुटलीच. यासाठीच बहुतेक कारखाने वीस बोअरचे काडतूस पिवळे करतात.

काडतूस उडाले नाही, तर बंदूक निदान अर्धा मिनिट निर्धोक दिशेला रोखून धरावी. बार उशिरा होऊ शकतो. मग काडतूस काढून त्याच्या बुडाच्या टोपीवर टोचणीने पाडलेला खड्डा पाहावा. खड्डा उथळ असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा टोचणी झिजली आहे आणि दोष बंदुकीचा आहे. खड्डा खोल असूनही बार झाला नसेल, तर काडतूस वाया गेले. फुसका बार याहून घातक. आवाज दबका आला आणि धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता धरावी. नळी रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत पुढचा बार करू नये.

कोकण-गोव्यातली दमट हवा काडतुसांची शत्रू. कागदी टरफले फुगून घरात शिरत नाहीत. प्लॅस्टिकची तेवढी बिघडत नाहीत. कातडी पट्ट्यात महिनोन्महिने राहिलेल्या पितळेवर हिरवे कीट चढते. काडतुसे तेलाने पुसून ठेवण्याची सवय तर उलटच पडते, कारण तेल टोपीत झिरपून ती मारून टाकते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळीत राहून ओल ओढतो; तो तेलाने जात नाही, त्याला गरम पाणीच लागते. नंतर नळी कोरडी करून तेलाचा हलका हात द्यावा.

शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा कायद्याने वेगळा विचार केला आहे. पीकसंरक्षणासाठी ती, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, यांच्या परवान्याचा १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी लागते. या बंदुकीत घात होतो तो दुहेरी भरण्याने. पावसात टोपी भिजते, बार होत नाही, आणि आत दारू आहे हे विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली जाते. ठासणीच्या गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवली, की गज किती आत जातो त्यावरून नळी भरलेली आहे की नाही ते कळते. काळ्या दारूऐवजी काडतुसातली बिनधुराची दारू भरणे म्हणजे नळी फोडण्याची तयारीच.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वारसाहक्काने आलेली बंदूकही दोनच्या मर्यादेत मोजली जाते. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला, तर बंदूक आणि उरलेली काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. कपाटाच्या तळाशी सापडलेली, डाग पडलेली जुनी काडतुसेही तिथेच द्यावीत. ती विहिरीत टाकू नयेत, चुलीत तर मुळीच नाही.