हिरवा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही
(हातातील सागरी रेडिओच्या बॅटरीची निगा)



विज्ञानाचा एखादा व्यवहारात उपयोगी पडणारा विषय या वार्तापत्रातून आपल्यासमोर ठेवावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळचा विषय आपल्याला जरा दूरचा वाटेल. उज्जैनपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि आम्ही लिहीत आहोत मच्छीमारांच्या हातातील रेडिओबद्दल! परंतु त्या रेडिओत जी बॅटरी असते, तिचीच भावंडे आपल्या टावर चौकातील दुकानांत इमर्जन्सी लाइट, टॉर्च आणि पॉवर बँकेच्या रूपाने मिळतात. घरात बॅटरी बिघडली तर आपली गैरसोय होते. समुद्रात बिघडली तर जिवावर बेतते. म्हणून तिची निगा कशी राखावी, हे समुद्रावरच्या माणसाकडून शिकणे बरे.

हा रेडिओ कशासाठी?

मुंबईचा ससून डॉक, रत्नागिरीचा मिरकरवाडा, हर्णै, मालवण, देवगड येथून नौका खोल समुद्रात जातात. किनारा मागे पडला की मोबाइलचे नेटवर्क संपते. तेथे व्ही.एच.एफ. रेडिओ कामी येतो. त्याचे १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, साऱ्या जगात संकटसमयी हाक देण्यासाठी राखलेले आहे. मोबाइलवर एकाच माणसाला कळते. या चॅनेलवरची हाक टप्प्यातील ज्या ज्या नौकेचा रेडिओ त्यावर लावलेला असेल, तिला ऐकू जाते.

नौकेत बसवलेला मोठा रेडिओ नौकेच्याच बॅटरीवर चालतो. नौकेत पाणी शिरले आणि ती बॅटरी बुडाली, की मोठा रेडिओ मुका होतो. तेव्हा उरतो तो हातातला लहान संच आणि त्याच्या पोटातली त्याची स्वतःची बॅटरी. तिचे मोल येथे कळते.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळात केरळ व तामिळनाडूचे पुष्कळ मच्छीमार दूर समुद्रात होते आणि अनेकांपर्यंत इशारा वेळेवर पोचू शकला नाही. कित्येकांचे प्राण गेले. त्याच वादळात ६० हून अधिक नौका आणि शेकडो मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला, आसऱ्याला आले. खोल समुद्रात संपर्काचे साधन चालू असणे किती आवश्यक आहे, याची जाणीव या वादळाने साऱ्या देशाला करून दिली.

तीन जातींच्या बॅटऱ्या

पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या या संचांत मुख्यतः तीन प्रकारच्या आढळतात. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

१. निकेल-कॅडमियम : सर्वांत जुनी. अर्धवट वापरून वारंवार चार्ज केली, तर तिला तेवढ्याच वापराची ‘सवय’ लागते. म्हणून अधूनमधून ती पूर्ण उतरवून मग चार्ज करावी, असे सांगितले जाई.

२. निकेल-मेटल हायड्राइड : हिची शक्ती अधिक, पण नुसती ठेवली तरी गळते. साधारण प्रकारात महिन्याभरात पाव हिस्सा शक्ती आपोआप जाऊ शकते. २००५ नंतर कमी गळतीचे प्रकार बाजारात आले.

३. लिथियम-आयन : १९९१ मध्ये बाजारात आली, आज बहुतेक नव्या संचांत हीच असते. हिच्या शोधकार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वजनाने हलकी असून हिची गळती फार कमी आहे. मात्र पूर्ण उतरवणे हिला सोसत नाही आणि उष्णता तर मुळीच सोसत नाही.

येथेच पुष्कळांची गफलत होते. ‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी’ हा सल्ला पहिल्या जातीचा आहे. तिसऱ्या जातीला तो लावला, तर तिचे आयुष्य कमी होते. तेव्हा आधी बॅटरीवरील लेबल वाचावे, जात ओळखावी आणि मग नियम लावावा.

हिरव्या दिव्याचे गणित

चार्जरवर हिरवा दिवा लागला की आपण निश्चिंत होतो. पण तो दिवा एवढेच सांगतो की बॅटरी भरली. किती भरली, हे तो सांगत नाही. पाण्याच्या रांजणात तळाशी गाळ साचला, तरी रांजण काठोकाठ भरलेलाच दिसतो. पाणी मात्र कमी मावते. जुन्या बॅटरीचे असेच होते.

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. उदाहरण म्हणून नव्या बॅटरीची क्षमता १५०० मिलीअँपिअर-तास धरू. बोलताना रेडिओ १५०० मिलीअँपिअर, ऐकताना २०० आणि नुसता चालू असताना ५० मिलीअँपिअर वीज घेतो असे मानू. नेहमीच्या वापरात १०० पैकी ५ भाग वेळ बोलणे, ५ भाग ऐकणे आणि ९० भाग नुसते चालू राहणे असते. सरासरी निघेल ७५ + १० + ४५ = १३० मिलीअँपिअर. म्हणजे नवी बॅटरी सुमारे साडेअकरा तास चालेल.

आता तीच बॅटरी जुनी होऊन क्षमता ६० टक्के, म्हणजे ९०० उरली. ती सुमारे सात तास चालेल. दिवसभराच्या कामात हे कदाचित लक्षातही येणार नाही. पण संकटात माणूस वारंवार हाक देतो. २० भाग बोलणे, २० भाग ऐकणे आणि ६० भाग नुसते चालू धरले, तर सरासरी होते ३०० + ४० + ३० = ३७० मिलीअँपिअर. नवी बॅटरी चार तास टिकेल, जुनी अडीच तासही टिकणार नाही. मदतीची नौका पोचायला तीन तास लागले तर? दोन्ही बॅटऱ्यांवर सकाळी दिवा मात्र हिरवाच होता!

यावर उपाय सोपा आहे. बॅटरी नवी आणली त्या दिवशी तिच्यावर तारीख घालावी. पूर्ण चार्ज करून ती किती तास चालते, ते वहीत लिहावे. दर तीन-चार महिन्यांनी त्याच रीतीने पुन्हा मोजावे. पहिल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आली की संकटाच्या कामातून तिला निवृत्त करावे.

मोठ्या जहाजांच्या जीवनरक्षक होड्यांसाठी जे रेडिओ असतात, त्यांत संकटाकरिता वेगळी, सीलबंद, पुन्हा चार्ज न होणारी बॅटरी ठेवतात. तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते आणि ती ठराविक वापरात ८ तास चालली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रोजच्या बॅटरीवर जीव सोपवू नये, हाच त्याचा अर्थ.

रिकामे दिवस अधिक घातक

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. २०२४ मध्ये ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. नौका किनाऱ्यावर ओढतात, जाळी दुरुस्त करतात, नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होते. या काळात रेडिओ पेटीत पडून असतो. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेली असताना तशीच ठेवली, तर तिचा दाब इतका खाली जातो की नंतर चार्जर तिला स्वीकारतच नाही. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली, तरी ती लवकर म्हातारी होते. सुमारे अर्धी भरून, संचातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी. निकेल-मेटल हायड्राइड मात्र गळते, म्हणून तिला दर महिन्याला चार्ज द्यावा.

इतर सावधानी अशी :

• समुद्रावरून परतल्यावर संच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावा. मीठ राहिले तर धातूच्या पट्ट्या गंजतात.
• चार्ज करण्यापूर्वी पट्ट्या कोरड्या आहेत का, ते पाहावे. चार्जर त्याच संचाचा वापरावा.
• रबरी कडी तडकली असेल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये.
• लिथियमची बॅटरी ४५ अंशांवरच्या उष्णतेत चार्ज करू नये. आपल्या मे महिन्यात बंद मोटारीतील उष्णता याहून पुष्कळ वर जाते.
• फुगलेली, चेपलेली किंवा ओली झालेली बॅटरी चार्ज करू नये, फोडू नये, आगीत टाकू नये.
• निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे विचारणा करावी.

आपण काय करावे?

पावसाळ्यात क्षिप्रामाई रामघाटावर चढते, तेव्हा घाटावरच्या पथकांच्या हातीही असेच बिनतारी संच असतात. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थात वादळ आले, मंडप कोसळले, काही भाविक दगावले. आता २०२८ चे सिंहस्थ येत आहे. आपल्यापैकी पुष्कळ विद्यार्थी व पालक तेव्हा सेवेला उभे राहतील. हातात टॉर्च असो की संच, तो किती तास चालेल, हे आपल्याला आधी माहीत असले पाहिजे.

पालकांना आमची विनंती आहे की या आठवड्यात घरचा इमर्जन्सी लाइट पूर्ण चार्ज करून तो खरोखर किती वेळ चालतो ते मुलांकडून मोजवून घ्यावे. विद्यार्थ्यांनी तारीख व तास वहीत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावे. खंडेनवमीला आपण घरची अवजारे पुसून पूजतो. त्यांतच बॅटरीवर चालणारी साधनेही घ्यावीत आणि तेव्हा दुसरी मोजणी करावी. विश्वस्त मंडळींना विनंती की शाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकात बॅटऱ्या बदलण्यासाठी लहानशी का होईना, तरतूद असावी. साधन विकत घेतो तेव्हा त्याच्या निगेचा खर्चही आपण स्वीकारलेला असतो.

दोन मोजण्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, की कोणती बॅटरी ठेवायची आणि कोणती बदलायची हे मुलेच आपल्याला सांगतील.

– प्राचार्य
टावर चौक, उज्जैन