पाना तोच, गाडी नवी

जुनी चेतक स्कूटर सुरू होत नसली की पुणेकर तिला एका बाजूला कलती करायचे, क्षणभर धरून ठेवायचे आणि मग किक मारायचे. तरीही सुरू झाली नाही तर ढकलत मिस्त्रीकडे न्यायची. १९७२ साली बाजारात आलेल्या या स्कूटरने मध्यमवर्गीय घराला गाडी दिली आणि मिस्त्रीच्या घराला रोजी. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकाने, पेठापेठांतून छोटी गॅरेजे आणि त्यांत उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत शिकणारी पोरे. आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांची चूल याच कामावर पेटली, मुलींची लग्ने याच कामावर झाली.

२००७ मध्ये आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातले उत्पादन थांबले. २००९ संपता संपता कंपनीने स्कूटर बनवणेच सोडत असल्याचे जाहीर केले. रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर होत्या, म्हणून गॅरेजवाल्याला त्याची झळ लगेच लागली नाही. पण २०२० साल आले आणि तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. जानेवारीत चेतक पुन्हा पुण्यात विक्रीला आली, ती विजेवर चालणारी. मार्चमध्ये करोनाचा शिरकाव होऊन टाळेबंदी लागली. आणि १ एप्रिलपासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. गॅरेजचे शटर बंद असतानाच आतले काम बदलून गेले होते.

बीएस-६ मुळे बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचे हे आता सेन्सर आणि गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पूर्वी मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी लायनीवर आणायचा. आता बिघाड शोधायला बऱ्याचदा स्कॅनर लावावा लागतो. विजेच्या गाडीत तर प्लग नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, बोअर-पिस्टनचे काम नाही. ज्या कानाला वीस वर्षे मान होता, त्या कानाला ऐकायला फारसे काही उरलेले नाही.

असा बदल पुण्याने पूर्वीही पाहिला आहे. हे एके काळी सायकलींचे शहर होते. तासाच्या भाड्याने सायकल देणारी, पंक्चर काढणारी दुकाने गल्लोगल्ली होती. स्कूटर आणि मोटारसायकली वाढल्या तशी ही दुकाने कमी होत गेली. काहींनी त्याच जागेत स्कूटरचे काम सुरू केले, काहींनी शटर ओढले. टांगेवाल्यांच्या मुलांनी रिक्षा धरली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या मिस्त्रीच्या घरात हा बदल पहिला नसेलही. त्याच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कधीतरी असाच हातातला लगाम किंवा सायकलचा पंप खाली ठेवलेला असू शकतो.

धंद्यातली ही गोष्ट घरात मात्र वेगळ्या रूपाने शिरते. गल्ला कमी झाला हे अब्बा सांगत नाहीत. ते उशिरा घरी येतात, जेवताना बोलत नाहीत, मुलाच्या मोबाइलवरून चिडतात. दुकान पेठेत आणि राहणे कोंढव्यात, त्यामुळे दिवसभर गॅरेज रिकामे होते हे घरच्यांना दिसत नाही. अम्मी शिलाईचे किंवा डब्याचे काम धरू म्हणते तर त्यांना ते टोमण्यासारखे लागते. मुलगा म्हणतो, 'मी हा धंदा करणार नाही', आणि बापाला वाटते की पोराने आपल्यालाच नाकारले. प्रत्येक जण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याचाच सगळ्यांना त्रास होतो.

आम्हाला वाटते, खरी सुरुवात इथून करायला हवी. कुरआनात 'अश-शूरा' नावाची एक सूरहच आहे. आपसांत मशवरा करून कामे ठरवणे हा ईमानवाल्यांचा गुण म्हणून तिथे येतो. आपण तो गुण जमातीच्या आणि मशिदीच्या कारभारापुरता ठेवला. पण सूरह अल-बकरामध्ये बाळाचे दूध कधी सोडवायचे यासाठीसुद्धा आईबापांनी एकमेकांच्या संमतीने आणि मशवऱ्याने ठरवावे असे सांगितले आहे. दूध सोडवण्याला जर मशवरा हवा, तर ज्या दुकानावर घर चालते त्याविषयी बायकोला आणि जाणत्या मुलांना अंधारात कसे ठेवायचे?

मशवऱ्याला बसताना कागद-पेन घ्यावे. गेल्या सहा महिन्यांत गल्ला किती आला, जागेचे भाडे किती, उधारी किती, घरखर्च किती हे सगळ्यांसमोर लिहावे. कोणते काम कमी झाले आणि कोणते टिकले तेही लिहावे. गाडी विजेची असली तरी ब्रेक झिजतात, टायर झिजतो, बेअरिंग आवाज करते, शॉकअब बसतो. हे काम मिस्त्रीचेच आहे. जे नवे आहे ते टप्प्याने शिकता येते. आधी इंजेक्शनच्या गाड्या आणि स्कॅनर, मग वायरिंग, मग मोटर आणि बॅटरी. बॅटरी मात्र शिकल्याशिवाय उघडू नये, तिच्यातला करंट आणि आग दोन्ही जिवावर बेततात.

आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिक हा ट्रेड आहे. ज्याने शाळा सोडून गॅरेजमध्येच सगळे शिकले, त्याच्या अंगच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. भांडवल लागलेच तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी करावी. पण क्रम चुकवू नये. आधी शिकणे, मग थोडी हत्यारे, मग कर्ज. बायकोचे दागिने गहाण ठेवून महागडी मशिनरी आणायची आणि मग ती चालवायला शिकायचे, यात घर बुडते.

सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची नाही. पंचवीस वर्षे उस्ताद म्हणवून घेतलेल्या माणसाने विशीतल्या पोरासमोर शागीर्द म्हणून बसायचे, ही ती गोष्ट. इथे घरच्यांनी जपून वागावे. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवताना 'तुम्हाला नाही कळणार' असे म्हणू नये. स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण तार कुठे घासली, पाणी कुठून शिरले हे शोधायला अनुभवी हातच लागतो. बाप आणि मुलगा एका गाडीवर बसले तर दोघेही शिकतात. आणि मुलाला दुसरे काम करायचे असेल तर त्यात बापाची हार नाही. हजरत दाऊद (अ.) यांच्या हातात लोखंड मऊ केले गेले आणि ते चिलखते बनवत असत. आपल्या हाताच्या कमाईवर जगणे हा त्यांचा वारसा आहे. तो हात पाना धरतो, सुई धरतो की माउस, याने त्याची इज्जत कमी होत नाही.

अम्मीच्या कमाईबद्दलही तेच. तिचे डब्याचे किंवा शिलाईचे पैसे 'वरखर्चाला' म्हणून लपवू नयेत. त्या कागदावर तिच्या नावाने वेगळी ओळ असावी.

रमजानमध्ये जकातीचा हिशोब करायला आपण दरवर्षी बसतोच. सोने किती, रोकड किती, देणे किती. त्याच बैठकीत आणखी अर्धा तास काढावा. या वर्षी आपल्या हातातले कोणते काम कमी झाले, कोणते नवे शिकलो आणि पुढच्या रमजानपर्यंत घरातल्या कोणी काय शिकायचे, हे सगळ्यांनी मिळून लिहून ठेवावे. कागद कपाटात कुरआनशरीफच्या खालच्या कप्प्यात राहू द्यावा. पुढच्या वर्षी तो काढून वाचला की बदल किती झाला ते कळेल, आणि आपण किती बदललो तेही.