जमैकातील गुन्हेगारी आणि पर्यटकांची सुरक्षितता

जमैका हा कॅरिबियन समुद्रातील द्वीपदेश दीर्घकाळ जगातील सर्वाधिक मानवहत्या दर असलेल्या देशांत गणला गेला आहे. त्याच वेळी तो कॅरिबियन प्रदेशातील अत्यंत लोकप्रिय पर्यटनस्थळही आहे. सुमारे २८ लाख लोकसंख्येच्या या बेटावर २०१९ साली ४० लाखांहून अधिक पर्यटक आले. त्यांपैकी सुमारे २७ लाख मुक्कामी होते, तर उर्वरित क्रूझ जहाजांतून काही तासांपुरते उतरले होते. यातील बहुसंख्य पर्यटक कोणत्याही गुन्ह्याचा अनुभव न घेता परततात. तरीही अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांची सरकारे आपल्या नागरिकांना जमैकाविषयी वारंवार सावधगिरीच्या सूचना देत आली आहेत.

हत्यांचे आकडे आणि त्यांचा अर्थ

जमैकात २००५ साली १,६०० हून अधिक हत्या झाल्या. २००९ आणि २०१७ या वर्षांतही हा आकडा १,६०० च्या पुढे गेला. २०२२ साली सुमारे १,५०० हत्यांची नोंद झाली, म्हणजेच दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ५३. त्याच वर्षी भारतात हा दर लाखामागे सुमारे २ होता. त्यानंतर मात्र घट सुरू झाली. २०२४ साली हत्यांची संख्या सुमारे १,१४० पर्यंत खाली आली आणि २०२५ मध्ये ती आणखी झपाट्याने घटली.

हे आकडे पर्यटकाच्या जोखमीचे माप म्हणून वापरले जातात, पण ते त्यासाठी तयार झालेले नाहीत. हत्येचा दर कायम रहिवाशांच्या संख्येवर काढला जातो, तर पर्यटक सामान्यतः आठवडाभरच बेटावर असतो. शिवाय हत्या सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. देशाच्या चौदा पॅरिशांपैकी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) किंग्स्टन, सेंट अँड्र्यू, सेंट कॅथरिन, क्लॅरेंडन, सेंट जेम्स आणि वेस्टमोरलँड यांत त्यांचे प्रमाण मोठे राहिले आहे, आणि या पॅरिशांतही ठरावीक वस्त्यांत त्या एकवटलेल्या असतात. बळी पडणारे आणि मारणारे बहुतांशी त्याच वस्त्यांतील तरुण पुरुष असतात. एका टोळीने दुसरीवर उगवलेला सूड हे हत्येचे सर्वांत सामान्य कारण आहे. पर्यटकांची हत्या ही तुलनेने दुर्मीळ घटना होय. पर्यटकाला भेडसावणारे गुन्हे निराळ्या जातीचे असून राष्ट्रीय हत्या दरात त्यांचे प्रतिबिंब पडतच नाही.

टोळ्यांचे मूळ

जमैकातील सशस्त्र टोळ्यांचा उगम मुख्यतः राजकारणात आहे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाल्यानंतर जमैका लेबर पार्टी आणि पीपल्स नॅशनल पार्टी या दोन पक्षांनी किंग्स्टनच्या गरीब भागांत आपापले बालेकिल्ले उभारले. १९६० च्या दशकात बॅक-ओ-वॉल ही झोपडपट्टी पाडून तेथे टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी राहिली आणि तिच्यातील घरे लेबर पार्टीच्या समर्थकांना मिळाली. एडवर्ड सिआगा या भागाचे प्रतिनिधी होते. प्रतिस्पर्धी पक्षानेही अन्यत्र तेच केले. अशा वस्त्यांना जमैकात ‘गॅरिसन’, म्हणजे लष्करी छावणी, असे म्हणतात. मते एकगठ्ठा राखण्यासाठी स्थानिक दादांना शस्त्रे आणि कंत्राटे मिळत गेली.

या स्पर्धेने १९७० च्या दशकात हिंसक वळण घेतले. डिसेंबर १९७६ मध्ये गायक बॉब मार्ली यांच्यावर त्यांच्या किंग्स्टनमधील घरी गोळीबार झाला. मायकेल मॅन्ली यांचे सरकार जाऊन सिआगा सत्तेवर आले, त्या १९८० च्या निवडणूक वर्षात ८०० हून अधिक लोक मारले गेले. पुढे कोकेनच्या व्यापारातून टोळ्यांना स्वतःचा पैसा मिळू लागला आणि राजकीय आश्रयदात्यांवरील त्यांचे अवलंबित्व कमी झाले. शस्त्रे मुख्यतः अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येतात. बेटावर बंदुका तयार करणारा उद्योग नाही.

मे २०१० मध्ये टिव्होली गार्डन्सचा म्होरक्या क्रिस्तोफर ‘डुडस’ कोक याला अमेरिकेच्या स्वाधीन करण्यासाठी पोलीस व लष्कर वस्तीत शिरले. त्या कारवाईत सुमारे ७० नागरिक ठार झाले. कोक जूनमध्ये पकडला गेला आणि २०१२ साली अमेरिकन न्यायालयाने त्याला २३ वर्षांची शिक्षा सुनावली. या काळात राजधानीत आणीबाणी जारी होती. पर्यटक प्रामुख्याने उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर असल्याने त्यांना तिची प्रत्यक्ष झळ फारशी लागली नाही, परंतु आरक्षणे मोठ्या संख्येने रद्द झाली.

माँटेगो बे

सेंट जेम्स पॅरिशमधील माँटेगो बे हे जमैकन पर्यटनाचे केंद्र आहे. सँग्स्टर आंतरराष्ट्रीय विमानतळ येथेच आहे. हॉटेलांतील कर्मचारी ज्या वस्त्यांत राहतात, त्यांपैकी अनेक अनियोजित असून शहरामागील टेकड्यांवर पसरल्या आहेत. फ्लँकर्स ही वस्ती तर विमानतळालगत आहे. टोळीयुद्ध आणि सुट्टीचे नंदनवन यांतील अंतर येथे काही किलोमीटरचेच आहे.

या शहरात हिंसाचार वाढण्यामागे एका विचित्र धंद्याचा हात आहे, तो म्हणजे लॉटरीच्या नावाखालील दूरध्वनी फसवणूक. अमेरिकेतील वृद्धांना फोन करून मोठे बक्षीस लागल्याचे सांगायचे आणि ते ‘सोडवून घेण्यासाठी’ शुल्क भरायला लावायचे, अशी तिची रीत. संभाव्य सावजांची नावे व दूरध्वनी क्रमांक असलेल्या याद्यांना मोल आले आणि त्या याद्यांवरून तसेच लुटीच्या वाटणीवरून खून पडू लागले. या फसवणुकीविरुद्ध २०१३ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला.

२०१७ साली एकट्या सेंट जेम्समध्ये ३३० हून अधिक हत्या झाल्या. १८ जानेवारी २०१८ रोजी पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी तेथे आणीबाणी घोषित केली. रस्त्यांवर लष्करी चौक्या लागल्या आणि ब्रिटन व कॅनडाने आपल्या पर्यटकांना हॉटेलच्या आवारातच राहण्याचा सल्ला दिला. वर्षभरात पॅरिशमधील हत्यांत सुमारे ७० टक्के घट झाली. मात्र शेकडो तरुण आरोपपत्राविना दीर्घकाळ कोठडीत राहिले. अशा काही स्थानबद्धता बेकायदेशीर असल्याचा निर्णय जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

पर्यटकांना जाणवणारे धोके

पर्यटकांच्या वाट्याला येणारे गुन्हे बहुतेक वेळा मालमत्तेचे असतात: खोलीतून अथवा किनाऱ्यावरून होणारी चोरी, रात्री निर्जन रस्त्यावरील लूट, बँक कार्डांची फसवणूक. लैंगिक अत्याचार हा अधिक गंभीर प्रश्न आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सूचनांमध्ये असे गुन्हे सर्वसमावेशक रिसॉर्टमध्येही घडत असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण रिसॉर्टच्या भिंतीआड सर्व काही सुरक्षित असते या समजुतीला तो छेद देतो. येथे धोका बाहेरच्या टोळीकडून नसून आतल्या माणसाकडून, म्हणजे कर्मचाऱ्याकडून किंवा दुसऱ्या पाहुण्याकडून असतो. पीडित व्यक्ती थोड्याच दिवसांत मायदेशी परतते, खटला मात्र रेंगाळतो. त्यामुळे शिक्षेपर्यंत पोहोचणे अवघड होते.

सर्वाधिक पर्यटकांना येणारा अनुभव गुन्ह्याच्या व्याख्येत जेमतेम बसतो. वस्तू विकणारे, वाटाडे, वेण्या घालून देणारे, गांजा देऊ करणारे यांचा पिच्छा हा तो अनुभव. सरकार त्यास ‘पर्यटकांचा छळ’ म्हणते. विक्रेत्यांच्या दृष्टीने पाहिल्यास, बंदिस्त रिसॉर्टमध्ये सर्व खर्च आगाऊ भरून आलेल्या पाहुण्याकडून चार पैसे मिळवण्याची ती एकमेव संधी असते.

धोक्याची चर्चा करताना रस्ते सहसा विसरले जातात. जमैकात दरवर्षी सुमारे ४०० लोक रस्ते अपघातांत मरण पावतात. वाहतूक भारताप्रमाणेच डावीकडून चालते, त्यामुळे उजवीकडून चालवण्याची सवय असलेले अमेरिकन पर्यटक भाड्याची मोटार चालवताना विशेष गोंधळतात.

बंदिस्त पर्यटन

एकाच रकमेत निवास, जेवण, मद्य व करमणूक देणाऱ्या सर्वसमावेशक रिसॉर्टची पद्धत जमैकात १९७० च्या दशकात रुजली आणि १९८१ साली गॉर्डन ‘बुच’ स्ट्यूअर्ट यांनी माँटेगो बे येथे सुरू केलेल्या सँडल्स समूहाने ती जगभर पोहोचवली. तिच्या यशामागे सुरक्षिततेविषयीची भीती हे एक मोठे कारण होते. पाहुणा विमानतळावरून थेट आवारात जातो आणि तेथूनच परततो. परिणामी त्याचा पैसा स्थानिक खानावळी, टॅक्सीचालक व दुकानदार यांच्यापर्यंत कमी प्रमाणात पोहोचतो.

याला किनाऱ्यांच्या मालकीचीही जोड आहे. वसाहतकाळातील १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्यानुसार जमैकन नागरिकांना समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. हॉटेलांच्या हद्दीतील अनेक किनारे त्यांना बंद आहेत आणि याविरुद्ध न्यायालयीन लढेही झाले आहेत. सुरक्षिततेसाठी घातलेली कुंपणे दारिद्र्य व रोष जेथल्या तेथे ठेवतात, ही टीका जमैकातच अधिक ऐकू येते.

वूल्मर प्रकरण

क्रिकेटप्रेमी भारतीयांना जमैकातील गुन्हेगारीची ओळख २००७ च्या विश्वचषकात झाली. १७ मार्च रोजी किंग्स्टनच्या सबायना पार्कवर पाकिस्तान आयर्लंडकडून हरला. (त्याच दिवशी पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताचा बांगलादेशाकडून पराभव झाला होता.) दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध आढळले व नंतर मृत घोषित झाले. चार दिवसांनी पोलिसांनी गळा दाबून खून झाल्याचे जाहीर केले. जूनमध्ये त्याच पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले, तर नोव्हेंबरमध्ये चौकशी ज्यूरीने कोणताही निश्चित निष्कर्ष न काढता निकाल खुला ठेवला. खून झाला ही पहिली बातमी जगाने लगेच स्वीकारली, यात किंग्स्टनच्या ख्यातीचा वाटा होता.

कायदे आणि व्यवहार

जमैकन पोलीस दलाची स्थापना १८६७ साली झाली. पोलिसांच्या गोळीबारात मरणाऱ्यांची संख्या हा देशांतर्गत वादाचा कायमचा विषय आहे. २०१३ साली ती २५८ होती. स्वतंत्र तपास आयोगाच्या देखरेखीनंतर ती घटली, पण अलीकडे पुन्हा वाढली आहे. याच काळात हत्या कमी झाल्याने वाद अधिक तीव्र झाला आहे. अमेरिकेने मे २०२५ मध्ये जमैकाविषयीची सूचना ‘प्रवासाचा पुनर्विचार करा’ या तिसऱ्या पातळीवरून ‘अधिक सावधगिरी बाळगा’ या दुसऱ्या पातळीवर आणली.

पर्यटकांना अनवधानाने अडचणीत आणणारे काही नियम आहेत. २०२२ चा शस्त्र कायदा अतिशय कडक असून त्यात किमान १५ वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे. सामानात चुकून राहिलेली एखादी गोळीसुद्धा अटकेस कारण ठरते. लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे वापरण्यास नागरिकांना मनाई आहे. गांजाबाबत समज-गैरसमज पुष्कळ आहेत. १८४५ पासून आलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांबरोबर ही वनस्पती आणि तिचे नावही जमैकात पोहोचले, असे मानले जाते. २०१५ पासून दोन औंसांपर्यंत (सुमारे ५६ ग्रॅम) गांजा बाळगणे केवळ किरकोळ दंडास पात्र आहे. मात्र तो देशाबाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना दंडनीय ठरवणारा १८६४ चा कायदाही अद्याप पुस्तकात आहे.

परवानाधारक टॅक्सी त्यांच्या लाल क्रमांकपट्टीवरून ओळखता येतात. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक ११९, तर रुग्णवाहिका व अग्निशमन सेवेचा ११० आहे. भारताचे उच्चायुक्तालय किंग्स्टन येथे आहे.