घरात रेंज नाही, पण वाय-फाय आहे? मग कॉल लागेल!

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात अंगणात रेंज असली, तरी पत्र्याच्या खोलीत शिरलं की गायब! टॉवरच्या लहरी पत्र्यावर आदळून परत फिरतात. अशा घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय भारतात आणली.

टॉवरच्या लहरी कंपन्या लिलावात घेतात. २०२२ साली दीड लाख कोटींची बोली लागली होती. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना मात्र परवाना लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या राउटरशी थोडी धक्काबुक्की चालायचीच. फोन तुमचा आवाज कुलूपबंद करून या फुकटच्या लहरींवरून राउटरला देतो. तिथून तो तसाच इंटरनेटवरून तुमच्या सिमच्या कंपनीकडे पोचतो. नंबर तोच राहतो. बोलत बोलत अंगणात आलात, तर कॉल आपोआप टॉवरवर जातो, अर्थात तिथे फोर-जी मिळत असेल तर.

राउटर त्याच खोलीत ठेवा, कारण पत्रा वाय-फायलाही अडवतो. आणि हो, लाईट गेली की राउटर बंद, मग कॉलही बंद. घरात आजारी माणूस असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावाच. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही.