ऐंशी किलोमीटरचा वायदा

टायरमधली हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर अंतरापर्यंत गाडी चालवता येईल, एवढा वायदा रन-फ्लॅट टायर करतो. त्या वायद्यापायी मालक बरंच काही मोजत राहतो: जास्त किंमत, कडक चाल, दुरुस्तीची अडचण आणि डिकीतून गेलेली स्टेपनी. बीएमडब्ल्यूने या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्या बहुतेक गाड्यांना हे टायर दिले, त्यामुळे सेकंडहँड '३ सीरिज' घेणाऱ्यापुढे आज पहिला मोठा खर्च येतो तो बहुधा याच चार टायरांचा. कंपनीचे होते तसेच पुन्हा घालायचे की साधे ट्यूबलेस बसवायचे? माझं मत साध्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ८० किलोमीटरचा वायदा सोडण्याआधी त्याच्या जागी दुसरी सोय गाडीत आलेली असली पाहिजे.

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन मुख्यतः हवा पेलते. बाजूची भिंत पातळ आणि लवचिक असते. खड्ड्यात चाक आपटलं की ती दबते, थोडा धक्का स्वतः पचवते आणि मग उरलेला सस्पेन्शनकडे जातो. रन-फ्लॅट आडवा कापून पाहिला तर त्याच भिंतीच्या आत कडक रबराचा जाड थर दिसतो. हवा गेल्यावर वजन त्या थरावर टेकतं, म्हणून रिम रस्त्याला लागत नाही. पण हवा असतानाही तो थर तिथेच असतो. त्यामुळे चाक जड होतं, भिंत कमी दबते आणि डांबराच्या तुटलेल्या कडेवर बसलेला दणका रिमपर्यंत पोचतो. टायरला फुगा येणं, अलॉय वाकणं किंवा त्याला चीर जाणं या तक्रारी आपल्या रस्त्यांवर या टायरांच्या बाबतीत वारंवार ऐकू येतात, त्याचं कारण हे आहे. नव्या पिढीचे रन-फ्लॅट पूर्वीपेक्षा मऊ आहेत हे खरं, पण वजन पेलायचं तर भिंत कडक ठेवावीच लागते.

आता ८० किलोमीटरनंतर काय, हा प्रश्न. जर्मनीत तेवढ्या अंतरात योग्य टायर ठेवणारं दुकान सापडण्याची खात्री बाळगता येते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मेहकरच्या आसपास टायर बसला तर छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटरहून दूर आहे, नागपूर तर त्याहूनही लांब. मेहकरला टायरची दुकानं नाहीत असं नव्हे, पण २२५/५० आर१७ मापाचा रन-फ्लॅट तिथे तयार मिळेल अशी आशा धरता येत नाही. जून २०२० मध्ये केंद्राने टायरच्या आयातीला परवान्याच्या चौकटीत आणल्यावर तर अशी मापं मोठ्या शहरातही शोधावी लागली. उलट साध्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर ढाब्याशेजारचा पंक्चरवाला चाक न काढता, भोक साफ करून रबराची वात दाबतो आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी मार्गी लागते. रन-फ्लॅटमधला खिळा वेळीच लक्षात आला तर त्याचंही पंक्चर काढता येतं, मात्र तो हवेविना पळवला असेल तर बहुतेक उत्पादक दुरुस्ती करू नका असंच सांगतात, कारण आतला थर तापून किती खचला हे बाहेरून कळत नाही. म्हणजे वायदा एकदा वापरला की तो टायर बहुधा टाकावाच लागतो. आपल्याकडे रस्त्याकाठी जी सोय मुबलक आहे तिचा उपयोग साध्या टायरला होतो, आणि माझ्या मताचा मुख्य आधार हाच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की गाडीची रचनाच रन-फ्लॅट धरून केलेली असते. सस्पेन्शन त्या हिशेबाने जुळवलेलं असतं हे मान्य. साधे टायर घातल्यावर वळणावर स्टिअरिंग किंचित सैल वाटू शकतं. पण बीएमडब्ल्यूच्याच वेगवान 'एम३'ला कंपनी साधे टायर देत आली, तेव्हा साध्या टायरने गाडी धोकादायक होते या म्हणण्याला आधार उरत नाही. रन-फ्लॅटसाठी रिमच्या आतल्या कडेला उंच उंचवटा असतो, त्यावर साधा टायरही व्यवस्थित बसतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: वेगात टायर फुटला तर रन-फ्लॅट गाडी ताब्यात ठेवतो. ठेवतो, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र टायर फुटण्याआधी पुष्कळदा तो कमी हवेवर बराच वेळ पळालेला असतो. भिंत सतत वाकते, तापते आणि अखेर फाटते. त्या आधीच्या काळात इशारा देणारी हवेच्या दाबाची यंत्रणा या गाड्यांत असतेच. जुन्या मॉडेलांत ती चाकांच्या फेऱ्या मोजते, कारण हवा कमी झालेलं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. टायर बदलल्यावर ती रीसेट केली की साध्या टायरवरही काम करते. अचानक कापला गेलेला टायर मात्र तिच्याही हातात नाही, एवढी जोखीम साध्या टायरसोबत पत्करावी लागते.

बदल करायचा तर चारही टायर एकदम बदलावेत. एकाच अॅक्सलवर एक कडक आणि एक मऊ टायर असेल तर ब्रेक मारताना आणि वळताना गाडी दोन्ही बाजूंना वेगळी वागते. माप तेच ठेवावं आणि मापापुढची अक्षरं नीट वाचावीत: '९४ डब्ल्यू' म्हणजे एका टायरला ६७० किलो भार आणि ताशी २७० किलोमीटर वेग. स्वस्त पडतो म्हणून यातला आकडा खाली आणणं हे गाडीच्या वजनाशी खेळणं आहे, आणि दुकानदार सर्रास 'चालतं' म्हणतो म्हणून ते चालत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीला आणि विमा कंपनीलाही आधी लेखी विचारून घ्यावं.

राहिली पर्यायी सोय. जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार दाबाची यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचं किट असलेल्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. कायद्याचं समाधान किटने होतं, रस्त्याचं नेहमी होत नाही. किटमधला द्राव टायरच्या नक्षीतलं खिळ्याचं भोक बुजवतो, भिंतीला पडलेली चीर नाही, आणि त्याच्या बाटलीला मुदत असते. म्हणून शहराबाहेर जाणाऱ्याने किटच्या जोडीला बारीक चाकाची स्टेपनी, जॅक आणि पाना घ्यावा. डिकीत तिच्यासाठी खळगा नसेल तर सामानाची जागा जाईल, आणि ती पट्ट्याने घट्ट बांधावी लागेल, नाहीतर धडकेत तीच माणसांवर येईल. ज्यांना चाक बदलणं शरीराला झेपत नाही किंवा रात्री एकट्याने निर्जन रस्त्याने जावं लागतं, त्यांनी रन-फ्लॅटच ठेवावेत. त्यांच्यासाठी न थांबता पुढच्या वस्तीपर्यंत पोचणं हे आरामापेक्षा मोठं आहे. इतरांनी स्टेपनी घेतल्यावर एक गोष्ट पाळायची: त्या बारीक चाकात साधारण ६० पीएसआय हवा लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि चार चाकांची हवा पाहताना पाचवं चाक पाहायला पंपावरच्या मुलाला मुद्दाम सांगावं लागतं.