दोनदा भाजलेली भाकरी

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बराकींवरून जाताना मला मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने इथे ताटकळलेले गोरे शिपाई आठवल्यावाचून राहत नाहीत. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणू लागले आणि आमच्या गावाचे नाव शब्दकोशात गेले. जहाजावर आणि आघाडीवर अशा शिपायांच्या पोटाला आधार असे तो 'हार्डटॅक' या दगडासारख्या बिस्किटाचा. ते घरी करून पाहावे असे यंदा मनाने घेतले.

तीन वाट्या कणीक, एक वाटी पाणी, चमचाभर मीठ. तूप, तेल, साखर, सोडा काही नाही. घट्ट मळून सेंटीमीटरभर जाड लाटावे, चौकोन कापावेत आणि काट्याने आरपार भोके पाडावीत. ही भोके शोभेची नाहीत. वाफ कोंडली तर बिस्किट फुगते आणि आत ओल राहते. ओव्हनमध्ये 190 अंशांवर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास भाजाव्यात, मग 100 अंशांवर दोन-तीन तास वाळवावे. 'बिस्किट' या शब्दाचे लॅटिन मूळच 'दोनदा भाजलेले' असे आहे. पाणी गेले की बुरशीला थारा नाही. स्निग्धांश कमी असला की खवटपणा लांबतो. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी टिकते तीही पातळ थापून पार कोरडी केल्यामुळेच.

माझा पहिला घाणा मात्र आठवड्यात बुरसला. बिस्किटे कोमट असतानाच मी डबा बंद केला होता. त्यात आषाढातली नाशिकची हवा.

दुसऱ्या खेपेला आई स्वयंपाकघरात आली. तिचे माहेर सिन्नर तालुक्यातले. एक बिस्किट ओट्यावर आपटून पाहत म्हणाली, "अगं, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही असेच तुकडे वाळवून ठेवायचो."

खडी फोडायच्या कामावर ती जात असे, सरकारी सुकडी मिळे, हे मला ठाऊक होते. तुकड्यांचे तिने कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. उरलेली भाकरी मोडून पत्र्यावर उन्हात टाकायची, संध्याकाळी विझत्या चुलीवरच्या तव्यात परत शेकायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोचे तुकडे मागे ठेवायचे आणि बाजरीचे आधी संपवायचे, कारण ते लवकर कडू होतात.

कारण मी पुस्तकात वाचले होते: बाजरीत स्निग्धांश सुमारे 5 टक्के, गव्हात त्याच्या निम्म्याहून कमी. आईला ते जिभेने कळले होते.

मी बिस्किट दाताखाली धरले तशी तिने हात धरला. "कोरडं नाही खायचं. दात पडतील." शिपाईही ते चहात, रश्शात भिजवूनच खात. आईने कढत आमटीत दोन बिस्किटे सोडली, वर झाकण ठेवले आणि पाटावर बसून राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"आता खा."